शस्त्रक्रियेनंतरची भोवळ : प्रश्न नेमका कसा विचारायचा?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी, झालेल्या माणसाला काही आठवड्यांनी चक्कर येते. कधी तो पडतोसुद्धा. घरचे म्हणतात, "खाणंच कमी झालंय, अशक्तपणा येणारच." गावातले डॉक्टर म्हणतात, "पाणी कमी पडलंय, सलाईन लावू." शहरातले सर्जन फोनवर सांगतात, "घोट घोट पाणी पीत राहा." तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण तिघांच्या उत्तरांच्या मधे जी जागा उरते, तिथे कधी कधी माणसाचं आयुष्यभराचं नुकसान होतं. आणि संशोधन करायचा प्रश्नही तिथेच असतो.

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण विषय सांगताना म्हणतात, "मला बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीनंतरच्या डिहायड्रेशनवर काम करायचंय." छान. पण हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. विषयापासून प्रश्नापर्यंत कसं जायचं ते या लेखात पायरी-पायरीने बघू. उदाहरणासाठी गाव घेऊ फर्दापूर, अजिंठा लेण्यांच्या पायथ्याचं. छत्रपती संभाजीनगरपासून साधारण शंभर किलोमीटर, जळगावपासून साठेक. फर्दापूरच का, ते पुढे कळेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेख उपचारांचा सल्ला नाही. तुमच्या घरात कुणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल आणि चक्कर येत असेल, तर लेख नंतर वाचा, आधी ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना फोन करा.

शरीरात बदलतं काय?

आपल्याकडे सगळ्यात जास्त होते ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी उरते. तिच्यात सुरुवातीला साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावतं. दुसरी गॅस्ट्रिक बायपास. तिच्यात जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात.

म्हणजे तहान लागल्यावर अर्धा तांब्या गटागटा पिण्याची सवय त्या दिवसापासून बंद. प्यायलंच तर दुखतं, उलटी होते. उलटी झाली की आणखी पाणी जातं, आणि पुढच्या वेळी प्यायची भीती बसते. हे झालं पहिलं चक्र.

दुसरं चक्र दिसत नाही. खाणं एकदम कमी झालं की शरीर आधी यकृतातला आणि स्नायूंमधला ग्लायकोजेन वापरतं. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी साठवलेलं असतं, तेही बाहेर पडतं. पहिल्या आठवड्यात काट्यावर जी झपाट्याने घट दिसते आणि घरात पेढे वाटले जातात, तिच्यातला मोठा वाटा पाण्याचा असतो. त्यातच इन्सुलिनची पातळी उतरते. इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला सांगत असतं. ते कमी झालं की लघवीतून मीठ जातं, आणि मिठामागे पाणीही जातं.

तिसरी गोष्ट औषधांची. शस्त्रक्रियेआधी बऱ्याच रुग्णांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात. काहींत लघवी वाढवणारं औषध असतं. वजन उतरतं तसा रक्तदाबही उतरतो, पण चिठ्ठी जुनीच राहते. आधी १५० वरून १३० वर आणणारी गोळी आता ११० वरून ९० वर आणते.

पाण्याचं कागदी गणित

संशोधनात उतरण्याआधी पाठ्यपुस्तकातला सल्ला आकड्यांत मांडून बघायची सवय लावून घ्या. सल्ला असा असतो : दिवसाला किमान दीड लिटर द्रव घ्या, घोट घोट घ्या, आणि जेवताना व जेवणानंतर अर्धा तास पाणी पिऊ नका.

आता मांडू या. समजा, दर पंधरा मिनिटांनी ३० मिलिलिटर, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे. तासाला झाले १२० मिलिलिटर. जागेपणीचे तास १६. दिवसात पाच वेळा थोडं थोडं खायचं. प्रत्येक वेळी खायला अर्धा तास आणि नंतरचा बिनपाण्याचा अर्धा तास, असे पाच तास गेले. उरले ११ तास. ११ गुणिले १२० बरोबर १,३२० मिलिलिटर.

म्हणजे रुग्णाने एकही घोट चुकवला नाही, तरी दीड लिटर भरत नाही! हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. जसे दिवस जातील तसा घोट मोठा होतो आणि गणित सुधारतं. पण पहिल्या काही आठवड्यांत सल्ल्यातच किती कमी जागा आहे, ते यातून दिसतं.

आता हाच माणूस फर्दापूरला आणा. मे महिना, पारा चाळिशीच्या वर. लेण्यांकडे जाणाऱ्यांच्या खासगी गाड्या टी-पॉइंटला थांबतात, तिथून बसने पुढे जावं लागतं, मग पायऱ्या, आणि घोड्याच्या नालेच्या आकाराचा तापलेला काळा कातळ. किंवा पर्यटक सोडा. गावातलीच एक बाई धरा, कपाशीत निंदायला जाणारी. दर पंधरा मिनिटांनी ओळ सोडून बांधावरच्या बाटलीपर्यंत कोण जाऊ देतं? शिवाय लघवीला आडोसा नाही म्हणून बायका कामावर पाणी कमीच पितात, हे शस्त्रक्रिया न झालेल्यांचंही वास्तव आहे. उन्हात जड काम करताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम जाऊ शकतो. घोटाघोटाने भरून काढायचा वेग तासाला १२० मिलिलिटर. वजाबाकी तुम्हीच करा.

आणि घामातून मीठही जातं. नुसतं पाणी ते परत देत नाही. इथे ओआरएस आठवतं, पण तेही मापात. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून स्वीकारलेल्या ओआरएसची तीव्रता लिटरला २४५ मिलिऑस्मोल आहे, आधीच्या सूत्राची ३११ होती. एक लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवलं तर हा हिशेब पार बिघडतो. बायपास झालेल्या पोटाला असं तीव्र, गोड द्रव अजिबात सोसत नाही. का, ते आता पाहू.

भोवळ एक, वाटा अनेक

उठून उभं राहिलं की अर्धा ते एक लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. निरोगी शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळतं, ठोके थोडे वाढवतं, आणि आपल्याला काही कळतही नाही. ही व्यवस्था कुठेही तुटली की डोळ्यांपुढे अंधारी. शस्त्रक्रियेनंतर ती तुटायच्या निदान पाच वाटा आहेत.

पहिली, पाणी आणि मीठ कमी असणं. वर पाहिलं.

दुसरी, औषधं. तीही पाहिली.

तिसरी, मज्जासंस्थेचा बदललेला सूर. लठ्ठपणात सिम्पथेटिक मज्जासंस्था जरा ताणलेलीच असते. वजन उतरलं की तो ताण सैल होतो. रक्तदाबासाठी ही चांगली बातमी, पण काहींमध्ये तो इतका सैल होतो की उभं राहिल्यावर वाहिन्या वेळेवर आवळल्याच जात नाहीत. अशा रुग्णांना पाणी पुरेसं असतानाही, शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनीसुद्धा भोवळ येऊ शकते. "पाणी प्या" हे उत्तर इथे अपुरं पडतं.

चौथी, डम्पिंग. गोड किंवा पिठूळ पदार्थ पटकन आतड्यात उतरला की त्याला पातळ करायला रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, चक्कर. हे लवकरचं डम्पिंग. उशिराचं डम्पिंग एक ते तीन तासांनी येतं : साखर झपाट्याने चढते, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं, आणि साखर कोसळते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर उपवासाची साबुदाणा खिचडी, प्रसादाचा शिरा, रसवंतीतला उसाचा रस. एकादशीला दिवसभर पाणी बेताचं आणि संध्याकाळी साबुदाणा, म्हणजे पहिली आणि चौथी वाट एकाच दिवशी.

पाचवी वाट म्हणजे या नेहमीच्या यादीत न बसणारं सगळं : आतून रक्तस्राव, टाक्यांच्या जागी गळती, रक्तक्षय, पोटॅशियम उतरल्याने हृदयाची लय बिघडणं. पहिल्या काही दिवसांत नाडी सतत जलद चालत असेल तर "पाणी कमी असेल" म्हणून सोडून देणं धोक्याचं ठरू शकतं, कारण गळतीचीही ती पहिली खूण असू शकते.

आता तुमच्या विषयाकडे परत या. "बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीनंतरचं डिहायड्रेशन आणि भोवळ" या ओळीतला 'आणि' हा शब्द बघा. त्या एका शब्दाने गृहीत धरलंय की भोवळ डिहायड्रेशनमुळेच येते. पाचपैकी चार वाटा त्या शब्दाखाली दडपल्या गेल्या. प्रश्न मांडताना अशी लहान अव्ययं तपासायची. 'आणि', 'मुळे', 'नंतर' हे तीन शब्द तर नेहमीच.

सलाईनची बाटली

सुरुवातीला नुकसानाचं बोललो, ते इथे आहे.

थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, शरीरात फार साठत नाही. अन्न बंद झालं किंवा उलट्या लागल्या तर दोन-तीन आठवड्यांत साठा संपतो. थायमिनशिवाय मेंदूला साखर नीट वापरता येत नाही. कमतरता वाढली की वेर्निके एन्सेफॅलोपथी होते : चालताना तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, एकाचं दोन दिसतं, माणूस गोंधळतो. तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही, आणि तोल जाणं सुरुवातीला 'चक्कर'च वाटते. वेळेत थायमिन मिळालं तर माणूस सावरतो. नाही मिळालं तर स्मृती कायमची जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

आता प्रसंग कल्पा. शस्त्रक्रियेला पाच आठवडे झालेत. दहा दिवसांपासून उलट्या. चक्कर येतेय. जवळच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी पाणी कमी आहे हे बरोबर ओळखलं आणि बाटली लावली. बाटलीत ग्लुकोज होतं. ग्लुकोज आलं की उरलंसुरलं थायमिन ते वापरण्यात खर्च होतं, आणि काठावर असलेला मेंदू खाली घसरू शकतो. म्हणूनच अशा रुग्णाला ग्लुकोजआधी किंवा निदान ग्लुकोजबरोबर थायमिन द्यावं, असं सांगितलं जातं. थायमिनचं इंजेक्शन महाग नाही, दुर्मीळही नाही. ते द्यायचं सुचणं हाच सगळा प्रश्न आहे. आणि ते सुचण्यासाठी समोरच्या माणसाची ही शस्त्रक्रिया झालीय हे कुणीतरी सांगायला हवं. दुर्बिणीची शस्त्रक्रिया, पोटावर चार-पाच बारीक खुणा. काही जण लाजेने सांगतही नाहीत, कारण लोक म्हणतात, "वजनासाठी कुणी पोट कापतं का?"

म्हणून 'चक्कर' हे लक्षण संशोधनात किरकोळ समजू नका.

मोजायचं कशाने?

इथे बहुतेक आराखडे घसरतात. चार मापं घेऊ.

शब्द. प्रश्नावलीत "तुम्हाला चक्कर येते का?" असं विचारलंत, तर उत्तरात चार वेगळ्या गोष्टी एकत्र येतील. घर फिरल्यासारखं वाटणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, चालताना तोल जाणं, आणि नुसती गळाठल्याची भावना. मराठीत या सगळ्याला 'चक्कर'च म्हणतात. काही जण 'घेरी' म्हणतील, काही 'भोवळ', आणि प्रत्येक भागात अर्थ जरा सरकतो. इंग्रजी प्रश्नावलीचं नुसतं भाषांतर करू नका. आधी दहा-पंधरा लोकांशी बोला, ते कुठल्या अनुभवाला कुठला शब्द लावतात ते लिहून घ्या, मग प्रश्न बनवा : "उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली का? किती वेळा? खाली पडलात का? शुद्ध गेली का? खाल्ल्यावर किती वेळाने?" तसंच "दिवसाला किती पाणी पिता?" यावर "दोन तांबे" असं उत्तर मिळेल. मग तो तांब्या मोजा. घरातलंच फुलपात्र घेऊन त्यात किती मावतं हे एकदा मोजून ठेवणं हे कुठल्याही अ‍ॅपपेक्षा भरवशाचं.

वजन. खेळाडूंमध्ये किंवा जुलाबात डिहायड्रेशन मोजायची सोपी पद्धत म्हणजे वजनातली घट. पण इथे वजन तर रोज उतरतंच आहे, त्यासाठीच शस्त्रक्रिया केलीय! पाण्याची घट आणि चरबीची घट काट्यावर वेगळी दिसत नाही. हे माप बाद.

त्वचा. चिमटीत धरून सोडलेली त्वचा सावकाश परत गेली तर पाणी कमी, असं आपण शिकतो. पण चाळीस किलो उतरलेल्या माणसाची त्वचा मुळातच सैल झालेली असते. हेही जवळजवळ बाद.

रक्तदाब. उभं राहिल्यानंतर तीन मिनिटांत वरचा दाब किमान २० किंवा खालचा किमान १० ने उतरला, तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. पद्धत सोपी आहे : पाच मिनिटं आडवं झोपवा, दाब आणि नाडी घ्या, उभं करा, पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. दाब न उतरता दहा मिनिटांत नाडी ३० किंवा अधिकने वाढत असेल तर तो वेगळाच प्रकार. शेजारी खाट आणि धरायला माणूस हवाच. पण एक बारीक अडचण आहे. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला मोठा पट्टा लागत होता. सहा महिन्यांनी दंड बारीक झाला आणि तुम्ही तोच मोठा पट्टा वापरलात, तर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसेल. मग अभ्यासात सगळ्यांचा रक्तदाब छान उतरलेला दिसेल, आणि त्यातला काही भाग फक्त पट्ट्याचा असेल. म्हणून प्रत्येक भेटीत दंडाचा घेर मोजायचा आणि पट्टा त्याप्रमाणे निवडायचा. आराखड्यात ही एक ओळ लिहिली असेल, तर परीक्षकाला कळतं की या मुलाने खरंच विचार केलाय.

फर्दापूरचा रुग्ण कुठल्या आकड्यात?

आता फर्दापूरच का, ते सांगतो.

शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते. मुंबई, पुणे, संभाजीनगर, नाशिक. त्या रुग्णालयाने अभ्यास केला तर परिणाम म्हणून काय मोजतील? बहुतेक वेळा "३० दिवसांत पुन्हा दाखल". परदेशातल्या मोठ्या नोंदींमध्ये उलट्या आणि डिहायड्रेशन ही पुन्हा दाखल होण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी आहेत, त्यामुळे हे माप वापरणं बरोबरच वाटतं.

पण फर्दापूरचा रुग्ण चक्कर आली म्हणून मुंबईला जाणार नाही. तो गावातच सलाईन लावून घेईल, फार तर सिल्लोडला किंवा जळगावला जाईल. रुग्णालयाच्या नोंदीत त्याच्या नावापुढे लिहिलेलं असेल : गुंतागुंत नाही. म्हणजे जो जितका लांब, तितका कागदावर निरोगी. शहरातल्या रुग्णांना जास्त त्रास होतो आणि खेड्यातल्यांना कमी, असा निष्कर्षही यातून निघू शकतो. आकडे खरे असतील, आणि निष्कर्ष अगदी उलटा असेल.

तुमचा प्रश्न इथे सापडतो. "डिहायड्रेशन किती होतं?" हा जुना प्रश्न. "शस्त्रक्रियेच्या गावाबाहेर लावलेल्या सलाईनची नोंद धरली, तर पहिल्या तीन महिन्यांतल्या भोवळीचं प्रमाण किती बदलतं?" हा तुमचा प्रश्न होऊ शकतो. छोटा आहे, मोजता येतो, आणि उत्तर काहीही आलं तरी उपयोगाचा आहे. त्यासाठी महागडं यंत्र नको. ठरलेल्या दिवशी फोन, ठरलेले प्रश्न, आणि त्यात एक प्रश्न हमखास : "मधल्या काळात कुठेही बाटली लावली का? बाटलीवरचं नाव किंवा बिल आहे का?"

दुसरी बाजूही सांगतो. फोन न उचलणारे रुग्ण कोण असतात? बरे झालेले, म्हणून कंटाळलेले? की इतके आजारी, की बोलण्याच्या स्थितीत नसलेले? आधी माहीत नसतं. म्हणून "१०० पैकी ७० जणांनी उत्तर दिलं, त्यातल्या १४ जणांना भोवळ आली, म्हणजे २० टक्के" असं लिहून थांबू नका. उरलेल्या ३० जणांपैकी कुणालाच आली नसेल तर १४ टक्के, सगळ्यांना आली असेल तर ४४ टक्के. दोन्ही टोकं लिहा. (हे आकडेही उदाहरणापुरतेच.)

परदेशातले आकडे जसेच्या तसे का उचलू नयेत, यावर पुण्याचंच एक उत्तम उदाहरण आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. एकच आकडा, दोन वेगळी शरीरं. आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची बीएमआय-मर्यादा खाली धरतात, त्यामागे हाच विचार आहे. मग शस्त्रक्रियेला येणारं शरीर वेगळं, हवामान वेगळं, ताटातलं अन्न वेगळं, तर नंतरची भोवळ तंतोतंत सारखीच असेल असं आधीच का मानायचं?

व्हिडिओ पाहून निदान नको

या विषयावर बोलायला लागलं की कुणीतरी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांचं नाव काढतंच. २०११ मध्ये त्यांची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. ७ डिसेंबर २०१८ रोजी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभात ते व्यासपीठावर कोसळले, आणि साखर कमी झाल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं. २४ एप्रिल २०२४ रोजी पुसदच्या प्रचारसभेत पुन्हा भोवळ आली, तेव्हा त्यांनी उन्हाचं कारण सांगितलं.

शस्त्रक्रिया, साखर, ऊन, भोवळ. वर वाचलेल्या सगळ्या वाटा एका रेषेत दिसतात, आणि रेष ओढायचा मोह होतो. ओढू नका. पहिल्या प्रसंगाला शस्त्रक्रियेपासून सात वर्षं झाली होती, दुसऱ्याला जवळपास तेरा. शस्त्रक्रिया न झालेला माणूसही दौऱ्यात, उपाशी, एप्रिलच्या विदर्भात उभा राहिला तर पडू शकतो. शस्त्रक्रिया होऊन कधीच न पडलेले लोक बातमीत येत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी तुलना करताच येत नाही. आणि ज्याला तपासलं नाही त्याच्या शरीराचं निदान व्हिडिओवरून करणं हे संशोधन नव्हे, आणि सभ्यपणाही नव्हे. सार्वजनिक उदाहरणाचा उपयोग एवढाच : प्रश्न सुचतो. उत्तर त्यातून मिळत नाही.

आता तुमचा कागद घ्या

आराखड्याचं पहिलं पान लिहिताना या पाच ओळी भरा.

१. कोण : कुठली शस्त्रक्रिया, कुठल्या रुग्णालयांतले, किती काळात झालेले सगळे रुग्ण. 'सगळे' हा शब्द महत्त्वाचा. जे परत आले तेवढेच नव्हे.

२. काय : भोवळ म्हणजे नेमकं काय धरणार, ते एका वाक्यात. अंधारी येणं आणि शुद्ध जाणं वेगळं मोजा.

३. केव्हा : पहिला आठवडा, पहिला महिना, तिसरा, सहावा, बारावा. प्रत्येक टप्प्यावर वेगळी वाट पुढे येते. सुरुवातीला पाणी, गळती आणि रक्तस्राव, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात थायमिन, पुढे डम्पिंग आणि मज्जासंस्था. सगळे महिने एकत्र मिसळले तर काहीच दिसणार नाही.

४. कशाशी तुलना : उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झालेले आणि हिवाळ्यात झालेले, अशी तुलना आकर्षक आहे. पण उन्हाळ्यात सुट्ट्या म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी येत असतील, आणि कापूस विकून पैसे हातात आले म्हणून हिवाळ्यात शेतकरी. मग फरक ऋतूचा की माणसांचा?

५. सापडलं तर काय करणार : हा प्रश्न नैतिक समिती विचारणारच, पण तिच्यासाठी नव्हे तर स्वतःसाठी आधी लिहा. तुम्ही फोन केला आणि पलीकडून आवाज आला, "दहा दिवसांपासून उलट्या आहेत, आता दोन-दोन दिसतंय." तुम्ही रकान्यात 'होय' अशी खूण करून पुढच्या प्रश्नाकडे जाणार का? अशा वेळी कुणाला, किती मिनिटांत कळवायचं, तो नंबर आणि ते वाक्य प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर छापलेलं असू द्या. त्या माणसापुरता अभ्यास तिथे थांबतो, उपचार सुरू होतो. आकडा एकाने कमी झाला तरी चालेल.

पाचही ओळी भरून झाल्या की तुमच्या मूळ विषयाचं वाक्य परत वाचा, आणि त्यातल्या 'आणि', 'मुळे', 'नंतर' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. प्रत्येक रेघेवर तुमच्याकडे मोजलेलं काहीतरी असेल, तर प्रश्न तयार आहे. नसेल, तर अजून एक आठवडा वाचा. त्यातही एखादा दिवस ग्रंथालय सोडून गावातल्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसा आणि लोक 'चक्कर' कशाकशाला म्हणतात ते नुसतं ऐका.